लग्नघर रेकॉर्डमधली झांज

नाशिक
बुधवार, १० जानेवारी २०२४

भारत,

अकरा वर्षांनी लिहितोय, तेव्हा घरचे सगळे कसे आहेत वगैरे विचारण्यात अर्थ नाही. तुझं मखमलाबाद काही परदेशात नाही. तू झेंडूच्या पाट्या घेऊन फुलबाजारात यायचास, मी त्याच रस्त्याने कारखान्यात जायचो. विचारायचं असतं तर दोघांनाही विचारता आलं असतं. भांडण उकरून काढायलाही बसलेलो नाही. काम रेकॉर्डचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय या शहरात कोणाला कळणार नाही. फोन केला असता, पण हल्ली फोनवर सगळे पुटपुटतात.

माझ्या लेकीने, अरिबाने, सत्तरीला ‘लग्नघर’ आणून दिली. नवी कोरी, परदेशात पुन्हा छापलेली, चांगली जाडजूड. कव्हरवर बँडचं खरं नाव आहे, वाजवणाऱ्या सोळा जणांची नावं आहेत. मी ती वाचली आणि कव्हर बाजूला ठेवलं. देवळालीचा क्लब बंद पडला तेव्हा अब्बांनी पितळेच्या भंगारात चेपलेले कर्णे उचलले आणि त्यांच्यासोबत जॅझच्या रेकॉर्डचा तो खोका आला. त्यातल्या एकाही रेकॉर्डला कव्हर नव्हतं, लेबलं वाळवीने खाल्लेली. म्हणून तू आणि मी आपली नावं ठेवली. सगळे एकदम बोलतात म्हणून ‘लग्नघर’. सगळ्यांच्या वर आवाज काढणारी क्लॅरिनेट ती ‘आत्या’. दुसरे तीस सूर उधळतात तिथे तीन वाजवून गप्प बसणारा पियानोवाला तो ‘मुनीम’. एवढी वर्षं त्यांना याच नावांनी हाका मारल्या, आता म्हातारपणी कशाला नव्याने बारसं करायचं?

तर नवी ‘लग्नघर’ लावली आणि कपाळावर हात मारला. ट्रॉम्बोन जागेवर आहेत. सॅक्सोफोनवाले पाच जण एका दमात श्वास घेतात तोसुद्धा कळतो. मुनीम आहे. आणि झांज? झांज नाही! ड्रमवाला उजव्या हातातल्या काडीने जी टिकटिक धरून ठेवतो, ज्या टिकटिकीवर सोळा माणसं चालतात, तीच नाही. मोठ्या बँडचा जीव ट्रंपेटमध्ये असतो असं लोकांना वाटतं, कारण ट्रंपेट ओरडतं. जीव झांजेत असतो. ती काढली की उरते ती वरात.

माझं मत असं की नवे इंजिनियर कामातून गेलेत. पूर्वी एका माईकसमोर अख्खा बँड उभा राहायचा. ज्याची पाळी तो दोन पावलं पुढे यायचा, बाकीचे मागे सरायचे. त्यात अदब होती. आता प्रत्येकाला वेगळा माईक, नंतर कोणीतरी काचेच्या खोलीत बसून ठरवणार कोणाला किती मोठं करायचं. जुनी रेकॉर्ड पुन्हा छापताना अशाच एका शहाण्याने झांज गिळून टाकली.

तुला मोठे बँड आवडायचे नाहीत, हे माहीत आहे. तुझा जीव चार माणसांच्या बँडवर. ‘तुला गर्दी आवडती हारुनभाई, मला माणसं,’ असं म्हणायचास. तरी ‘लग्नघर’ तूही मान डोलावून ऐकायचास, म्हणून विचारतो. तुझ्याकडून २०१३ साली परत आलेली जुनी रेकॉर्ड आणि ही नवी, दोन्हींत झांज नाही. जुनीचं कारण मला माहीत आहे. नवीबद्दल तुझं मत कळव.

हारुन


नाशिक
बुधवार, २१ फेब्रुवारी २०२४

भारत,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझ्या जागी मीही दिलं नसतं.

पण हे प्रकरण वाढलंय. तुम्ही सगळे यायचे थांबलात त्यानंतर खोका मी उघडलाच नव्हता; गेल्या महिन्यात तो सगळा वाजवून पाहिला. ‘पोलीस परेड’, ‘सासूरवाडी’, तुझा लाडका चौघांचा बँड, सगळे. एकाही रेकॉर्डमध्ये झांज राहिलेली नाही. आत्यासुद्धा वरच्या सुराला गेली की माझ्या घरातून निघून जाते आणि खाली उतरली की परत येते. सुई बदलली. वायरी बदलल्या. यादवला बोलावलं, तोच, टीव्ही दुरुस्तीवाला. त्याने मशीन उघडलं, पुसलं, बंद केलं आणि अरिबाकडे बघून काहीतरी बोलला. मी म्हटलं, माझ्याकडे बघून बोल, मशीन माझं आहे. मशीन ठणठणीत आहे म्हणाला. त्याला काय अक्कल!

घरातही विचित्र चाललंय. काल बिलकिस स्वयंपाकघरातून तरातरा आली. ‘अजी, कुकर की सात सीटी हो गई, बैठे बैठे सुना नहीं?’ डाळीचा लगदा झाला होता. मी म्हटलं, विचारात होतो.

रिकामपणी तो बुधवार आठवतो, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो. बुधवारी बाजार असायचा, म्हणून तू पाट्या रिकाम्या करून कारखान्यावरच्या माझ्या खोलीत यायचास. पहिल्यांदा आलास तो तांब्याचा गळका बंब दुरुस्तीला घेऊन. बंब राहिला बाजूला, जिन्यात उभा राहून रेकॉर्डची अख्खी बाजू ऐकलीस आणि विचारलंस, ‘आजून हाय का?’ पुढे मल्हारी मास्तर आले, आणखी चौघं आले. सगळे मिळून सात. नियम दोनच: रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही, आणि मी मत दिल्याशिवाय कोणी मत द्यायचं नाही. दुसरा नियम माझाच होता, हे आता मान्य करतो.

‘लग्नघर’ मी कोणाला हात लावू देत नव्हतो. तुझ्या मुलीचं, मंजुषाचं, लग्न ठरलं तेव्हा तू महिनाभरासाठी मागितलीस आणि मी दिली. परत आली त्या बुधवारी सगळ्यांसमोर लावली. झांज नव्हती. जड, झिजलेल्या सुईने रेकॉर्डचे वरचे सूर खरवडले जातात, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं. मी तुला म्हटलं, सांग, कुठे आहे झांज? तू म्हणालास, ‘सुई नवी हाय हारुनभाई, मागच्या हप्त्यात बसवली.’ मी म्हटलं, नांगर धरणाऱ्या हातात सुई दिली, माझंच चुकलं. पाचही जण सतरंजीकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांना तुझी लाज वाटतेय. तू चपला हातात घेतल्यास आणि जिना उतरलास. त्यानंतर एकेक जण यायचा थांबला. वर्षभरात मी एकटाच बसायला लागलो.

नांगराचं बोललो ते चुकलं. बाकी बोललो ते बरोबर होतं. एवढंच लिहायचं होतं.

हारुन


नाशिक
गुरुवार, ९ मे २०२४

भारत,

बाकी बोललो तेही चुकलं.

अरिबा मला न सांगता कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मला सांगितलं डोळ्याचं आहे. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला डबे लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. मी बराच वेळ दाबलंच नाही, वाटलं अजून सुरू व्हायचंय. नंतर डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. एक रेघ डावीकडून सरळ निघते आणि अर्ध्यावर आल्यावर थेट खाली कोसळते. त्या म्हणाल्या, ही रेघ पडते तिथून पुढचे उंच आवाज तुमच्यासाठी नाहीत. शिट्टी, पाखरं, घंटी. मी विचारलं, झांज? त्या म्हणाल्या, झांज सगळ्यात आधी जाते.

तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने एकेक ठोका घालत मठारकाम केलं पंचेचाळीस वर्षं. चार भिंतींच्या आत दिवसाला हजारो ठोके. मला त्यात ताल दिसायचा, इतका मी मूर्ख. त्या म्हणाल्या, हे आजचं नाही, पंधरा वर्षांपासून उतरत आलंय. दहा-बारा वर्षांपूर्वी कोणी आणलं असतं, हातोडी सुटली असती, यंत्र लागलं असतं, तर पुष्कळ वाचलं असतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी. मी तिथल्या तिथे बोटांवर हिशेब केला, तो त्या बुधवारावर येऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी मल्हारी मास्तरांना गाठलं. पाटी-पेन्सिल पुढे ठेवली आणि विचारलं, त्या बुधवारी झांज वाजत होती का? मास्तरांनी लिहिलं, ‘होती. स्वच्छ.’ मग पाचही जण मुंडी खाली घालून का बसलात? मास्तरांनी पाटी पुसून लिहिलं, ‘भारतने डोळ्यांनी खुणावलं, बोलू नका. खाली गल्लीत भेटून म्हणाला, हारुनभाईचे कान चाललेत, त्याला चारचौघांत कळायला नको. माझ्यावर राहू दे.’

भारत, ते वाचून मी मास्तरांसमोर रडलो. लहान पोरासारखा रडलो, आणि आवाज किती मोठा झाला तेही मला कळलं नाही. तुझी सुई नवी होती. रेकॉर्डला काही झालं नव्हतं. अकरा वर्षं तू माझं खापर डोक्यावर घेऊन बाजारात फिरलास आणि मी तुला बघून रस्ता ओलांडत होतो.

आता यंत्र मिळालंय. बोलण्यासाठी बनवलेलं आहे, गाण्यासाठी नाही. ट्रंपेट पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं येतं, म्हणून रेकॉर्ड ऐकताना काढून ठेवतो आणि झांज आठवणीने भरतो. पण आठवणीतली झांज कधी चुकत नाही, आणि कधीच न चुकणारा ड्रमवाला मला आवडला नाही. चांगला ड्रमवाला जरा मागे रेंगाळतो, मग पटकन सावरतो. ते सावरणं मला आठवत नाही. तू ये. एखाद्या बुधवारी ये, ‘लग्नघर’ लावू, आणि तो कुठे रेंगाळतो ते तू बोटाने माझ्या गुडघ्यावर वाजवून दाखव. माफ केलंस असं तोंडाने म्हणायची गरज नाही, नुसता ये. मला दुसरं काही नको.

तुझा
हारुन


नाशिक
गुरुवार, १९ सप्टेंबर २०२४

प्रिय भारत,

चार महिने वाट पाहिली, म्हणून काल न कळवता मीच येऊन थडकलो. रागावला नसशील. तू मला बघून फुलांची पाटी खाली ठेवलीस आणि दोन्ही हातांनी माझा हात धरलास, तेव्हा वाटलं, झालं, मिटलं. किती पांढरा झालास रे! मंजुषा माहेरी आलेली, तिने खुर्च्या टाकल्या, चहा दिला. बांधावरून झेंडू पिवळाधमक दिसत होता. मी म्हटलं, दसऱ्याच्या बाजाराला बरोबर सापडणार वाटतं, आणि तू हसलास. इथपर्यंत सगळं नीट आठवतं.

मग तू बोलायला लागलास. पलीकडे तुझा पुतण्या फवारणीचा पंप चालू करत होता. त्या पंपाचा घरघराट यंत्रातून असा डोक्यात शिरला की मी गुपचूप यंत्र बंद केलं. तू खाली बघून बोलत होतास, उपरणं तोंडाशी धरलेलं. ओठ दिसले असते तर थोडंफार जुळवलं असतं. पुष्कळ बोललास. आयुष्यात इतकं सलग बोलताना मी तुला पाहिलं नाही. मधे एकदा कानाकडे बोट केलंस. शेवटी वर बघून मला काहीतरी विचारलंस आणि थांबलास.

मला म्हणता आलं असतं, भारत, मला एक अक्षर ऐकू आलेलं नाही, पंप बंद कर आणि पुन्हा सांग. नाही म्हणालो. इतक्या वर्षांनी तुझ्या दारात आलो आणि पहिल्याच भेटीत तुला ओरडून बोलायला लावायचं, याची लाज वाटली. हल्ली मी सगळ्यांशी तेच करतो. भाजीवाली काही बोलली, मशिदीत कोणी काही बोललं, की हसून मान डोलावतो. लोकांना बरं वाटतं आणि विषय पुढे जातो. तसाच हसलो आणि म्हटलं, ‘हो, हो, बरोबर आहे.’

 मग कप खाली ठेवलास आणि झेंडूत निघून गेलास. वाटलं, पोराला काही सांगायला गेला असेल. अर्धा तास बसलो. मंजुषा आली, तिचे डोळे लाल, आणि तिने मला हाताला धरून रस्त्यापर्यंत सोडलं.

मी कशाला हो म्हणालो, भारत? चांगल्याला म्हणालो असेन तर तू गेला नसतास. काय विचारलंस ते कागदावर लिहून पाठव. कागद मला अजून ऐकू येतो. बिलकिस म्हणते, पुन्हा जाऊन विचारा. ते उत्तर ऐकायला यायची हिंमत होत नाही, म्हणून पत्र. दोन ओळी लिही, किंवा मंजुषाला लिहायला सांग.

तुझा
हारुन


नाशिक
बुधवार, २७ नोव्हेंबर २०२४

प्रिय भारत,

मंजुषाचं पत्र आलं, माझं सप्टेंबरचं पाकीट तिनेच फोडलं म्हणे. तिचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. तिने लिहिलेलं इथे उतरवतो, म्हणजे तुला कळेल की मला काय कळलंय.

‘काका, बाबांनी त्या दिवशी तुम्हाला सांगितलं की तुमचे कान चाललेत हे त्यांना भांडणाच्या दोन वर्षं आधीपासून माहीत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ते गप्प बसले, आणि नंतर भांडण झालं म्हणून गप्प बसले. तुमच्या मे महिन्यातल्या पत्रात, दहा-बारा वर्षांपूर्वी कोणी आणलं असतं तर कान वाचले असते, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. ते वाचल्यापासून बाबा नीट जेवलेले नाहीत. म्हणूनच त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी शेवटी त्यांनी विचारलं, हारुनभाई, मी तेव्हाच तोंड उघडलं असतं तर तुझे कान राहिले असते का? माझ्यामुळं गेले का? तुम्ही हसून म्हणालात, हो, हो, बरोबर आहे.’

मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

त्याच दिवशी रिक्षा करून आलो. मंजुषा दारात होती. तू मला लांबून पाहिलंस आणि मागच्या वाटेने निघून गेलास. पुढच्या बुधवारी आलो, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा तिने हात जोडले. माझ्या लिहायच्या पाटीवर लिहिलं, काका, तुम्ही येऊन गेलात की बाबा दोन दिवस शेतातच राहतात, त्यांची छाती आधीच बरी नाही, नका येऊ. मी तिला म्हटलं, मग तू सांग त्यांना, मला ऐकू आलं नव्हतं. तिने लिहिलं, ‘सांगितलं. ते म्हणतात, हारुनभाई आता माझं मन राखतोय. पहिल्यांदा बोलला ते खरं.’ माझी पाकिटं आता न फोडता फुलांच्या खोलीत पडतात, हेही तिनेच लिहिलं. तिने वाचून दाखवायला घेतलं तर तू उठतोस.

म्हणजे हेही पाकीट तिथेच जाणार. तरी लिहितो, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. अंगणात मी जे बोललो ते उत्तर नव्हतं.

मे महिन्यात मी तुला एक गोष्ट लिहिली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोणी आणलं असतं तर. मी तेवढंच लिहिलं, कारण त्यात दोष कोणाचाच दिसत नव्हता. पण घरचे आणायला निघाले होते. बिलकिसने २०११ साली सांगितलं होतं. रमझानमध्ये म्हणाली, तुम्हाला अजान ऐकू येत नाही, घड्याळ बघून उठता. मी ताट सरकवलं आणि तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. अरिबा तेव्हा कॉलेजात होती. तिने कानात घालायचे बोळे आणून हातोडीशेजारी ठेवले. मी ते तिच्यासमोर भट्टीत टाकले आणि म्हटलं, ज्याला झांजेवरच्या काडीचं लाकूड ओळखता येतं त्याला कान शिकवतेस? पोर रडत वर गेली. तेव्हा यांना सगळ्यांना दिसत होतं. मलाही थोडं दिसत होतं. सातजणांत मीच कानाचा राजा होतो, आणि ती गादी सोडायची माझी तयारी नव्हती.

तू येऊन सांगितलं असतंस तर काय झालं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. मी तुला जिन्यावरून खाली ढकलला असता. म्हटलं असतं, फुलं विक आणि गप्प बस. दुसऱ्या दिवशी हातोडी आणखी जोरात चालवली असती, तुझ्या नाकावर टिच्चून. डॉक्टरकडे गेलो नसतो. कान असेच गेले असते, याच रेघेने. फरक एवढाच पडला असता की आपले बुधवार आणखी दोन वर्षं आधी संपले असते. तू गप्प राहिलास म्हणून मला ते दोन वर्षांचे बुधवार मिळाले.

तू विचारलंस, माझ्यामुळं गेले का. नाही. तुझ्यामुळे नाही गेले, भारत. अजिबात नाही.

हारुन